नवीन फीचर घ्यायचं की रुळलेली पद्धत ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं वर्षानुवर्षं चालत आलेला कोड सांभाळणाऱ्या टीमसाठी आहेत. मुंबई, ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात बँकिंग आणि ब्रोकिंगच्या कामात जावा पदोपदी भेटते, म्हणून उदाहरणं तिची जास्त आहेत. पण प्रश्न सगळ्या भाषांत सारखेच येतात.

नवीन फीचर दिसलं की सगळ्यात आधी काय तपासायचं?

ते कोणत्या जुन्या नियमाला धक्का लावतं, आणि तो नियम मुळात का आला होता. कोडिंगचे बरेच नियम भाषेतल्या एखाद्या उणिवेपोटी आलेले असतात. उणीव गेली की नियमही खुशाल जाऊ द्यावा. पण काही नियम एका कारणासाठी येतात आणि गुपचूप दुसरंच काम करत राहतात. घोळ होतो तो तिथे.

गो भाषेत फॉर लूपमधलं व्हेरिएबल पूर्वी अख्ख्या लूपला मिळून एकच असायचं. आत गोरूटीन (समांतर चालणारी हलकी कामं) सुरू केले की बहुतेकांना शेवटचीच किंमत दिसायची. म्हणून लूपच्या पहिल्याच ओळीत त्याच नावाने प्रत काढायची सवय लागली. गो १.२२ मध्ये (फेब्रुवारी २०२४) प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळू लागलं. कारण संपलं, ती ओळ काढून टाका. फक्त एक बघा: हे वर्तन गो-मॉड या प्रोजेक्टच्या नोंद-फाइलमधल्या आवृत्तीच्या ओळीवर ठरतं. कंपायलर नवा टाकला पण त्या ओळीत १.२० राहिलं, तर लूप जुन्यासारखाच चालतो. अशा वेळी प्रतीची ओळ काढली की जुना बग परत.

उलट उदाहरण पायथनच्या एफ-स्ट्रिंगचं, म्हणजे मजकुरातच व्हेरिएबलची किंमत घालणाऱ्या स्ट्रिंगचं. ३.६ आवृत्तीपासून (डिसेंबर २०१६) ती आहे आणि वाचायला छानच आहे. पण क्वेरीत व्हॅल्यू पॅरामीटर म्हणूनच पाठवायची, हा नियम स्ट्रिंग जोडायला कटकटीची होती म्हणून आला नव्हता. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे इनपुटमधून क्वेरीत घुसडलेले हुकूम, रोखण्यासाठी आला होता. एफ-स्ट्रिंगने ते कारण तसूभरही हललेलं नाही. लॉगिंगचंही तेच. लॉगरला टक्केवाला साचा आणि व्हॅल्यू वेगळ्या दिल्या, तर डीबग लेव्हल बंद असताना स्ट्रिंग बनतच नाही. एफ-स्ट्रिंग मात्र आधी बनते, मग फेकली जाते.

भाषेची आवृत्ती वाढवणं आणि नवं सिंटॅक्स वापरणं एकाच फटक्यात करावं का?

नको. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांच्यातले धोकेही वेगळे. आवृत्ती वाढली की एकही ओळ न बदलता वर्तन बदलू शकतं. जावा १७ वरून २१ वर जाताना हमखास भेटणाऱ्या दोन गोष्टी घ्या.

पहिली, १८ पासून डिफॉल्ट कॅरेक्टरसेट सगळीकडे यूटीएफ-८ झाला. लिनक्स सर्व्हरवर बहुधा काही जाणवत नाही. पण विंडोज मशीनवर चालणारा एखादा रात्रीचा जॉब कॅरेक्टरसेट न सांगता फाइल वाचत असेल, तर जुन्या एन्कोडिंगमधली नावं बिघडून येतात. दुसरी, २० मध्ये लोकेलचा डेटा बदलला आणि अमेरिकन इंग्रजीत वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी एक अरुंद, न तुटणारी स्पेस आली. डोळ्याला फरक दिसत नाही, पण साधी स्पेस धरून वेळ पार्स करणारा कोड एक्सेप्शन फेकतो. लोक तासन्‌तास दोन सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंगकडे बघत बसतात.

क्रम असा ठेवा. आधी फक्त रनटाइम बदला, कोड आहे तसाच. सगळ्या टेस्ट आणि किमान एक महिनाअखेरचा बॅच त्यावर जाऊ द्या. मग कंपायलरची पातळी वाढवा. नवं सिंटॅक्स त्यानंतर, वेगळ्या पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे रिव्ह्यूसाठी टाकलेला बदल). अध्येमध्ये काही फुटलं तर रोलबॅक कशाचा करायचा, हा प्रश्नच उरत नाही.

प्रीव्ह्यू फीचर प्रॉडक्शनमध्ये चालेल का?

नाही. प्रीव्ह्यू म्हणजे अजून पक्कं न झालेलं, आजमावण्यापुरतं दिलेलं फीचर. जावातल्या स्ट्रिंग टेम्पलेटचं काय झालं ते पुरेसं आहे: २१ मध्ये प्रीव्ह्यू, २२ मध्ये दुसरा प्रीव्ह्यू आणि २३ मधून सरळ गायब. शिवाय प्रीव्ह्यू चालू करून कंपाइल केलेली क्लास फाइल फक्त त्याच आवृत्तीच्या जेव्हीएमवर (जावा चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालते. पुढच्या आवृत्तीवर ती उघडतच नाही. टीमच्या प्रयोगशाळेत, फेकून द्यायच्या ब्रँचवर जरूर खेळा.

फायनल झाल्यावर किती थांबायचं?

ठरावीक महिने सांगण्यात अर्थ नाही. फीचर कोणत्या जातीचं आहे त्यावर आहे. नुसतं लिहिण्याची सोय करणारी फीचर्स, म्हणजे टेक्स्ट ब्लॉक, स्विच एक्स्प्रेशन वगैरे, फायनल झाली आणि तुमच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत असली की घ्या. जावात अशा आवृत्त्या ८, ११, १७, २१ आणि २५. चालण्याची पद्धतच बदलणारी फीचर्स मात्र पचायला वेळ घेतात.

थांबण्याचंही टोक असतं. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं आधार मिळतो, त्यानंतर सुरक्षेचे पॅचही येत नाहीत. ‘जमेल तितकं थांबू’ म्हणणाऱ्या टीमला मग चार आवृत्त्यांची उडी एकदम मारावी लागते, आणि ती बहुधा ऑडिटच्या तोंडावर.

व्हर्च्युअल थ्रेड चालू केले आणि ॲप आणखी हळू झालं. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर. जावा २१ मध्ये (सप्टेंबर २०२३) व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे मोजक्या खऱ्या थ्रेडवर हजारोंनी चालणारे हलके थ्रेड, फायनल झाले. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये ३.२ पासून एका प्रॉपर्टीवर ते चालू होतात, त्यामुळे मोह आवरत नाही.

आता जुनी पद्धत काय करत होती ते बघा. टॉमकॅट या वेब सर्व्हरचा थ्रेड पूल डिफॉल्टने २०० चा. तो आला थ्रेड महाग असतात म्हणून. पण त्याच्यामुळे एका वेळी २०० च्या वर रिक्वेस्ट आतच शिरत नव्हत्या, म्हणजे डेटाबेसपुढचं फाटक तोच होता. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. व्हर्च्युअल थ्रेड आले आणि ते फाटक निघालं. सकाळी सव्वानऊला बाजार उघडताना ब्रोकिंग ॲपवर हजारो रिक्वेस्ट येतात, सगळ्या आत घुसतात आणि कनेक्शन पूलच्या दारात रांग लावतात. हिकारी या डेटाबेस-कनेक्शन लायब्ररीचा पूल डिफॉल्टने फक्त १० कनेक्शनचा, आणि कनेक्शनसाठी थांबायची मुदत ३० सेकंद. त्यापुढे एकापाठोपाठ एक टाइमआउट. सीपीयू निवांत, मेमरी ठीक, आणि ग्राहकाच्या स्क्रीनवर गोल फिरतंय.

उपाय पूल वाढवत नेणं नव्हे. डेटाबेसची ताकद तेवढीच आहे. निघालेलं फाटक उघडपणे परत बसवा. डेटाबेसला किंवा बाहेरच्या एपीआयला हात लावणाऱ्या भागाभोवती सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारी परवान्यांची मोजणी) ठेवा, त्याची संख्या पूलच्या आकाराच्या हिशेबाने ठरवा, आणि परवाना ठरावीक वेळेत मिळाला नाही तर लगेच स्वच्छ एरर द्या. ३० सेकंद ताटकळत ठेवण्यापेक्षा दोन सेकंदांत ‘नंतर प्रयत्न करा’ परवडलं.

दुसरं कारण सिंक्रोनाइज्ड ब्लॉक. जावा २१ ते २३ मध्ये अशा ब्लॉकच्या आत थ्रेड अडकून थांबला, तर त्याच्याखालचा खरा थ्रेडही अडकतो. खरे थ्रेड डिफॉल्टने सीपीयू कोअरइतकेच असतात. आठ कोअरच्या मशीनवर असे आठ कॉल अडकले की बाकी सगळं जवळपास ठप्प. जुनी लायब्ररी वापरत असाल तर ब्लॉक तुमच्या नाही, तिच्या कोडमध्ये असेल. फ्लाइट रेकॉर्डरमध्ये व्हर्च्युअल थ्रेड पिन झाल्याचा इव्हेंट असतो, तो लोड टेस्टमध्ये चालू ठेवून मोजा. जावा २४ मध्ये (मार्च २०२५) ही अडचण जवळजवळ पूर्ण दूर झाली. तेव्हा आज सुरुवात करणाऱ्यांनी २१ वर झगडण्यापेक्षा थेट २५ वर जाऊन ते चालू करावेत, असं आमचं मत.

रेकॉर्ड आल्यावर साधे डेटा क्लास हाताने लिहायचे बंद करायचे का?

बहुतेक ठिकाणी हो. रेकॉर्ड म्हणजे फक्त डेटा धरणारा, कन्स्ट्रक्टर, तुलना वगैरे आपोआप मिळणारा क्लास. जावा १६ पासून (मार्च २०२१) ते फायनल आहेत. एपीआयच्या आत-बाहेर जाणाऱ्या डेटासाठी, मॅपच्या जोड-कीसाठी उत्तम. पण हाताने लिहिलेल्या क्लासमध्ये कोणीतरी विचार करून काही गोष्टी गाळलेल्या असतात, आणि रेकॉर्ड त्या आपसूक परत आणतो. क्लास रेकॉर्डमध्ये बदलताना हे चार मुद्दे बघितल्याशिवाय पीआर मंजूर करू नका.

टू-स्ट्रिंग (ऑब्जेक्टला मजकुराचं रूप देणारी मेथड): रेकॉर्ड सगळे घटक छापतो. ग्राहकाचा पॅन, आधार, मोबाइल नंबर जुन्या क्लासने मुद्दाम लपवलेला असेल, तर बदलानंतर तो लॉगमध्ये उघडा पडतो. टेस्ट हिरव्याच राहतात, म्हणून हे सापडतं ते थेट ऑडिटमध्ये. टू-स्ट्रिंग स्वतः लिहा.

रक्कम: रेकॉर्डची तुलना प्रत्येक घटकाच्या इक्वल्सवर चालते, आणि बिगडेसिमल या अचूक दशांश संख्यांच्या प्रकाराच्या लेखी ५००.० आणि ५००.०० समान नाहीत; दशांशांची संख्या वेगळी आहे. एक रक्कम डेटाबेसमधून आली, दुसरी जेसनमधून, की रिकन्सिलिएशनमध्ये जुळणाऱ्या नोंदी ‘न जुळलेल्या’ म्हणून बाहेर पडतात. इलाज रेकॉर्डच्या छोट्या कन्स्ट्रक्टरमध्ये करा: तिथेच स्केल २ वर आणा, राउंडिंग मोड न देता. मग कोणी ५००.१२५ पाठवलं तर ते गुपचूप गोल न होता एक्सेप्शन येईल. रुपयांच्या व्यवहारात तेच हवं. म्युच्युअल फंडाच्या एनएव्हीसाठी मात्र चार दशांश लागतात. एकच रकमेचा रेकॉर्ड दोन्हीकडे वापरू नका.

लिस्ट: रेकॉर्डचा घटक बदलता येत नाही, पण त्यात ठेवलेली लिस्ट बाहेरून बदलता येते. कन्स्ट्रक्टरमध्ये न बदलणारी प्रत काढा.

जेपीए एंटिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास): रेकॉर्ड चालत नाही. एंटिटीला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो आणि क्लास फायनल असून चालत नाही. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आयडीई पिवळी रेघ मारून नवी पद्धत सुचवतं. सगळीकडे एकदम स्वीकारावी?

रेघ म्हणजे सूचना. वर्तन तेच राहील याची हमी नव्हे. जावा १६ मध्ये स्ट्रीमवर थेट टू-लिस्ट मेथड आली. जुनी पद्धत कलेक्टर देऊन लिस्ट बनवण्याची. नवी आखूड आहे, पण तिची लिस्ट बदलता येत नाही. जुनीनेही बदलता येण्याची हमी कधी दिली नव्हती, मात्र प्रत्यक्षात ती साधी ॲरेलिस्ट द्यायची आणि चार मेथड पलीकडे कोणीतरी त्यात ॲड किंवा सॉर्ट करत असतं. कंपायलर गप्प राहतो. एक्सेप्शन येतं ते रनटाइमला, तेही ती फांदी चालली तरच. बदल करण्याआधी त्या मेथडला कोण कोण बोलावतं आणि मिळालेल्या लिस्टचं पुढे काय करतं, ते शोधा. नव्या मेथडमध्ये टू-लिस्ट बेलाशक वापरा.

जावास्क्रिप्टमध्ये || च्या जागी ?? आणि सगळीकडे ?. टाकलं तर?

|| डावी किंमत ‘खोटी’ (शून्य, रिकामी स्ट्रिंग वगैरे) असली की डिफॉल्ट देतं; ?? ती नल किंवा अनडिफाइंड असली तरच; आणि ?. नसलेल्या ऑब्जेक्टवर क्रॅश न करता अनडिफाइंड देतं. ईएस २०२० (जावास्क्रिप्टची २०२० ची आवृत्ती) मधली ?? आणि ?. ही दोन्ही फीचर्स चांगली आहेत, पण सरसकट फाइंड-रिप्लेस नको. जीएसटीचा दर शून्य असलेल्या वस्तूला || ने डिफॉल्ट १८ दिला, तर शून्य ‘खोटं’ धरलं जाऊन १८ टक्के लागतात. इथे ?? च बरोबर. पण फॉर्ममधून रिकामी स्ट्रिंग येते तिथे ?? ती तशीच ठेवतं, आणि आजवर दिसणारं डिफॉल्ट नाव अचानक कोरं होतं. प्रत्येक जागी विचारा: शून्य, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स यांपैकी काय खरोखर येऊ शकतं?

?. चा रोग वेगळा. प्रत्येक टिंबाआधी प्रश्नचिन्ह टाकलं की क्रॅश थांबतात, आणि चुकीचा डेटा स्क्रीनपर्यंत बिनबोभाट पोचतो. एकूण रकमेच्या जागी नॅन दिसण्यापेक्षा तिथेच एरर आलेली बरी. एपीआयच्या करारात ‘नसू शकतं’ असं लिहिलेल्या फील्डपुरतंच ते ठेवा.

जुन्या फोनवर ॲपचं पान पांढरं येतं, बाकी सगळीकडे चालतं. नव्या सिंटॅक्समुळे?

बहुधा हो. ब्राउझरला न समजणारं सिंटॅक्स फाइलमध्ये एका जागी जरी असलं, तरी ती अख्खी फाइल चालत नाही. न मिळणारी मेथड मात्र तिथे पोचल्यावरच फुटते. सिंटॅक्सचं रूपांतर बेबलसारखं साधन करतं, पण नव्या मेथड आपोआप येत नाहीत; त्यांना पॉलिफिल (नसलेली मेथड पुरवणारा जादा कोड) लागतं. आयफोन ६ वर आयओएस १२ च्या पुढे जाता येत नाही, आणि ?. सफारी १३.१ पासून आहे. तुमचे ग्राहक असे फोन वापरतात की नाही, हे ॲनालिटिक्समध्ये बघा, अंदाज नको. बिल्डमध्ये ब्राउझरची यादी ठरवली असेल तरीही नोड मॉड्यूल्समधलं पॅकेज रूपांतरातून सुटू शकतं. पांढऱ्या पानाचा गुन्हेगार बरेचदा तिथेच असतो.

वेगळं संशोधन करायला वेळ नसेल तर कोणतं फीचर ब्राउझरमध्ये कितपत चालतं ते सांगणारी ‘बेसलाइन’ची खूण बघा. सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये येऊन ३० महिने झालेल्या फीचरला ‘सर्वत्र उपलब्ध’ म्हणतात. सार्वजनिक साइटसाठी तेवढी मर्यादा पुरते.

क्लायंटचा सर्व्हर अजून जावा ८ वर आहे. आमच्या मशीनवर २१ आहे. काय काळजी घ्यायची?

बिल्डमध्ये सोर्स आणि टार्गेट असे दोन पर्याय देऊ नका; एकच रिलीज पर्याय द्या आणि त्यात ८ लिहा. सोर्स-टार्गेटने सिंटॅक्स आणि क्लास फाइल ८ ची होते, पण कंपाइल होताना लायब्ररी २१ ची दिसते. बाइटबफरच्या फ्लिप मेथडचा परतावा जावा ९ मध्ये बदलला. तुमच्याकडे बिनतक्रार कंपाइल झालेला कोड क्लायंटकडे ‘अशी मेथड नाही’ म्हणून पडतो. रिलीज पर्यायात कंपायलर ८ चीच लायब्ररी समोर धरतो.

क्लास फाइलच्या आवृत्तीचा एरर आला तर आकडे लक्षात ठेवा: ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. बरेचदा दोषी तुमचा कोड नसतो, वाढवलेलं एखादं डिपेंडन्सी असतं. स्प्रिंग बूट ३ ला किमान १७ लागतं, हे विसरून ‘फक्त फ्रेमवर्क वाढवलं’ असे पीआर येतात.

जुना सगळा कोड नव्या शैलीत आणायचा का?

ज्या फाइलला काही महिन्यांत कोणी हात लावणार नाही, ती तशीच राहू द्या. हात लावणारच असाल तर रूपांतराचा पीआर वेगळा, कामाचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की रिव्ह्यू करणारा चाळीस फाइलींच्या नुसत्या ढिगाऱ्यातून तीन ओळींचा खरा बदल शोधत बसतो, आणि तो सुटतो.

ओपनरीराइट किंवा पायथनमध्ये रफसारख्या साधनाने मोठं यांत्रिक रूपांतर केलंत, तर त्या कमिटचा हॅश ब्लेममधून (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी गिटची सोय) वगळायच्या फाइलीत लिहा. गिट २.२३ पासून ही सोय आहे. नाहीतर तीन वर्षांपूर्वीची ओळ कोणी आणि का लिहिली हे विचारल्यावर गिट फक्त रूपांतर करणाऱ्याचं नाव सांगतो.

वेळही बघा. ३१ मार्चच्या आधी बँकांकडे बदल गोठवलेले असतात, दिवाळीच्या खरेदीआधी ई-कॉमर्सवाल्यांकडे. अशा काळात मोठा फेरफार मुख्य ब्रँचपासून लांब पडून राहतो आणि मग मर्ज करताना जीव जातो. एप्रिलचा दुसरा पंधरवडा बरा.

‘मला वाचता येत नाही’ हे रिव्ह्यूमध्ये पुरेसं कारण आहे का?

एकदा सांगितलं तर हो, कायमचं नाही. फीचर टीमला नवीन असेल तर अर्ध्या तासाचं सत्र घ्या आणि आपल्याच कोडमधली दोन उदाहरणं दाखवा. त्यानंतरही ऑन-कॉल असलेल्या माणसाला रात्री दोन वाजता ती ओळ उलगडत नसेल, तर ओळ वाईट आहे. फीचर नवं की जुनं हा मुद्दाच नाही. पायथनचं वॉलरस ऑपरेटर (:=, म्हणजे किंमत देणं आणि वापरणं एकाच ठिकाणी; ३.८ मध्ये, २०१९ ला आलं) प्रस्ताव असतानाच इतकं वादग्रस्त ठरलं, की त्या वादानंतर पायथनचे जनक ख्विडो व्हान रॉसम यांनी २०१८ च्या जुलैमध्ये अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली. तुमच्या टीममध्ये दोन मतं असली तर नवल नाही. व्हाइल लूपमध्ये तुकड्या-तुकड्याने फाइल वाचताना ते शोभतं. एका कॉम्प्रिहेन्शनमध्ये तीनदा आलं तर परत पाठवा.

एआय सहायक सतत जुन्या पद्धतीचा कोड देतो. मग नियम कशाला?

नियम त्याच्यासाठीही लागतो. प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलीत भाषेची नेमकी आवृत्ती आणि टाळायच्या गोष्टी लिहा. तो कधी उलटीकडे घसरून तुमच्याकडे नसलेली आवृत्ती गृहीत धरतो. ते रिलीज पर्याय आणि लिंटर (कोडमधले नियमभंग आपोआप शोधणारं साधन) पकडतात.

निर्णय कुठे आणि कसा लिहायचा?

रिपॉझिटरीतच, एका पानात. फीचर कोणतं, कुठे चालेल, कुठे नाही, कोणती जुनी पद्धत आता बंद, आणि का. ‘कोणती बंद’ हा रकाना लोक कोरा सोडतात. मग तारखेसाठी तीन वर्ग आणि नल हाताळायच्या चार पद्धती एकाच कोडमध्ये नांदतात. लिंटरला पटवता येईल तो नियम लिंटरमध्ये टाका: ईएसलिंटमध्ये ठरावीक सिंटॅक्सवर बंदी घालता येते, रफमध्ये लक्ष्य आवृत्ती देता येते. माणसाने रिव्ह्यूमध्ये तेच तेच सांगत बसू नये.

एकदा ‘नाही’ म्हटलेलं फीचर परत कधी काढायचं?

पानावर लिहिलेलं कारण पडलं की. ‘सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमुळे व्हर्च्युअल थ्रेड नाहीत’ असं २१ वर असताना लिहिलं असेल, तर २५ वर गेल्याच्या दिवशी ती नोंद उघडा. कारण न लिहिता नुसतं ‘वापरू नये’ असेल, तर ज्याने लिहिलं तो कंपनीत आहे तोवर विचारून घ्या आणि कारण त्याच पानावर टाका.